जुने पितळ घासावे की जपावे?

‘जीर्णोद्धार’ म्हणजे जुने पाडून नवे उभारणे, एवढाच अर्थ पुष्कळांच्या मनात असतो. वास्तविक जे जीर्ण झाले त्याचा उद्धार करणे, म्हणजे जुने होते ते वर काढून पुन्हा मानाने ठेवणे, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. आपल्या मंदिराच्या कामात हा अर्थ सर्वांना नव्याने समजला, तो एका समईमुळे.

जुन्या गाभाऱ्याची फरशी उचलून पाया खणताना मातीत तीन वस्तू निघाल्या: एक पितळी समई, एक लहान घंटा व एक ताम्हन. तिन्ही हिरव्या काळ्या पुटाने इतक्या माखल्या होत्या की प्रथम मजुरांना तो दगडच वाटला. देवाची वस्तू अशी मळकट कशी ठेवायची, या भावनेने त्याच संध्याकाळी समई घासावयास घेण्यात आली. चिंच झाली, राख झाली, विटकरीची भुकटी झाली. तरीही कठीण पुट सुटेना तेव्हा तारेचा ब्रश झाला. रात्री समई सोन्यासारखी झळकू लागली व आरतीला सर्वांनी आनंदाने तिचे दर्शन घेतले. दुसऱ्या दिवशी उजेडात एका वृद्ध ग्रामस्थांनी समईची बैठक निरखून पाहिली. तेथे कासाराने टिंबे मारून नाव घातलेले होते. त्यातील ‘शके’ एवढी दोन अक्षरे वाचता आली. पुढचे आकडे पुसले गेले होते, आणि समई अर्पण करणाऱ्याचे नावही पुसले गेले होते.

यात कोणाचा दोष नाही. ज्या हातांनी ती घासली ते सेवेचेच हात होते. परंतु ज्या मंदिरात आज प्रत्येक देणगीदाराचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जात आहे, त्याच मंदिरातील एका जुन्या देणगीदाराचे नाव एका संध्याकाळी नाहीसे झाले, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. घंटा व ताम्हन यांना मग कोणी चिंच लावली नाही. जुने पितळ घासावे की जपावे, हा प्रश्न त्या दिवसापासून गावात चर्चेला आला. त्याचे उत्तर इतिहासात व थोडे रसायनशास्त्रातही सापडते.

हिरवे पुट म्हणजे काय?

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण, आणि कांसे म्हणजे तांबे व कथील यांचे मिश्रण, हे सर्वांस ठाऊक आहे. मातीत गाडलेल्या अशा वस्तूवर ओलावा, हवा व मातीतील क्षार यांचा परिणाम वर्षानुवर्षे होत राहतो. प्रथम धातूच्या अंगालगत तांबूस तपकिरी थर बसतो. त्यावर हळूहळू हिरवा, क्वचित निळसर थर चढतो. हा थर गुळगुळीत, कठीण व अंगाशी घट्ट असेल तर तो आतील धातूचे एक प्रकारे रक्षणच करतो. पुष्कळदा वस्तूचा मूळ आकार, नक्षीची रेघ व अक्षराची कड ही आतल्या धातूत उरलेली नसून या थरातच उरलेली असते. थर खरवडला की त्याबरोबर अक्षरही जाते. आपल्या समईचे नेमके हेच झाले.

चिंचेचे म्हणाल तर तिच्यातील आम्लाने हिरवा व काळा थर विरघळतो, म्हणूनच भांडे चकाकते. पण ते आम्ल तेथेच थांबत नाही. पितळेतील जस्त तांब्यापेक्षा लवकर आम्लात उतरते. चिंचेत फार वेळ राहिलेले पितळ लालसर पडते, हा अनुभव घरोघरच्या बायकांना आहे. तो लाल रंग म्हणजे वरचे जस्त निघून गेल्यावर मागे राहिलेले तांबे होय. रोजच्या जाड भांड्याला याने फारसे बिघडत नाही. परंतु जमिनीत शेकडो वर्षे पडून आधीच पोकळ झालेल्या पातळ पत्र्याला हे सोसत नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्वच हिरवे सारखे नसते. काही वस्तूंवर फिकट हिरवी, भुकटीसारखी ठिपके ठिपके बुरशी दिसते व बोट लावताच ती गळते. तो धातूचा रोग आहे. मातीतील मिठाचा अंश धातूत शिरलेला असतो. दमट हवा मिळाली की त्यातून आम्ल तयार होते, ते आम्ल पुन्हा तांबे खाते, आणि हे चक्र वस्तू संपेपर्यंत चालू राहते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चक्राचा उलगडा केला. अशा वस्तूला लिंबू आणि मीठ लावणे म्हणजे रोग्याला रोगच पाजणे होय. कल्हईवाल्याचा नवसागरही त्याच जातीचा, हेही ध्यानात असावे.

पुटाने राखलेला धागा

हे पुट किती मोलाचे असू शकते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या वास्तव्याने पावन झालेले प्रवराकाठचे नेवासे सर्वांना ठाऊक आहे. तेथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. धागा म्हणजे सर्वांत आधी कुजून जाणारी वस्तू. पण तांब्याच्या हिरव्या क्षारांत धागा कुजविणारे जंतू टिकत नाहीत, त्यामुळे मण्यांच्या भोकांत धाग्याचे तुकडे शिल्लक राहिले होते. त्यांत रेशमाचे व कापसाचे तंतू असल्याचे तज्ज्ञांनी तपासून सांगितले. इतक्या प्राचीन काळी या मुलखातील माणसांना हे तंतू माहीत होते, ही गोष्ट त्या मळकट मण्यांनी सांगितली. ते मणी सापडल्याबरोबर कोणी हौसेने लखलखीत केले असते, तर चार तांब्याचे मणी हाती राहिले असते व धागा मोरीतून वाहून गेला असता.

सिंधमधील मोहेंजोदडो येथेही असेच घडले. तेथे धातूच्या वस्तूंना चिकटून राहिलेले सुती कापडाचे अंश मिळाले, आणि इतक्या जुन्या काळी या देशात कापूस विणला जात होता याचा पुरावा जगापुढे आला.

दायमाबादचा रथ

नेवाशाच्याच प्रवरा नदीच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद हे पांढरीचे ठिकाण आहे. १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना धातूच्या चार भरीव वस्तू मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर भरते. मोडीच्या भावाने पाहिले तर गरीब माणसास तो मोठाच पैसा होता. परंतु त्या वस्तू मुशीत गेल्या नाहीत, पुरातत्त्व खात्यापर्यंत पोहोचल्या, आणि आज संग्रहालयांतून देशोदेशीचे लोक त्या पाहतात.

त्या कोणत्या काळातल्या, यावर विद्वानांत वाद झाला. डॉ. म. के. ढवळीकर यांच्यासारख्या अनेकांनी त्या उत्तर सिंधू संस्कृतीच्या काळातल्या मानल्या. डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी धातूची तपासणी पाहून शंका काढली. या धातूत सोमलाचे म्हणजे आर्सेनिकचे प्रमाण शेकडा एकाहून अधिक आहे, ते इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसे आढळत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. शास्त्रशुद्ध उत्खननात, मातीच्या ठराविक थरात, त्या वस्तू मिळाल्या नसल्यामुळे हा वाद सोडविणे कठीण झाले. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वस्तू जेथे सापडली ती जागा व तिच्या आसपासची माती हीदेखील साक्षीदार असते. आणि अंगचा धातू हाही साक्षीदार असतो, म्हणून त्याच्यावर काही लावण्यापूर्वी व त्यातून काही काढण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

पितळेच्या बाबतीतही असेच आहे. जस्त तापविताच वाफ होऊन उडून जाते, त्यामुळे ते वेगळे काढणे ही अवघड विद्या होती. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे जस्ताची वाफ थंड करून धातू मिळविण्याच्या जुन्या भट्ट्यांचे मोठे अवशेष आहेत. तसे जस्त मिळण्यापूर्वी तांब्याबरोबर जस्ताची खनिज माती तापवून पितळ केले जाई, व त्या रीतीने जस्ताचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे जात नसे. म्हणून जुन्या पितळेत जस्त किती, यावरून ते कोणत्या रीतीने घडविले याचा अंदाज बांधता येतो. वरचे जस्त चिंचेने काढून टाकले, तर वरवर तपासणाऱ्याची फसगत होणार हे उघड आहे.

नागीश्वरी नावाची दाती

आता पुन्हा देणगीदारांकडे वळू. गायकवाडांच्या बडोद्यालगत अकोटा म्हणून गाव आहे. प्राचीन काळी त्याचे नाव अंकोट्टक असे होते. तेथे १९५१ साली जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा मिळाला. त्यात अडुसष्ट वस्तू होत्या व त्या पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंतच्या मानल्या जातात. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या मूर्तींपैकी एक जीवंतस्वामींची आहे. तिच्या बैठकीवरील लेखात, ही मूर्ती चंद्रकुलातील नागीश्वरी नावाच्या श्राविकेचे दान आहे, असा उल्लेख आहे. हा लेख सहाव्या शतकाच्या सुमाराचा आहे.

म्हणजे सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी एका बाईने श्रद्धेने मूर्ती घडवून घेतली. तिचे घर, तिचे गणगोत, तिची संपत्ती, काही उरले नाही. ती ज्या राजाच्या राज्यात राहत होती त्याचे नावही सामान्य माणसास सांगता येणार नाही. पण नागीश्वरीचे नाव आज छापील ग्रंथात आहे, कारण बैठकीवरची ती बारीक अक्षरे मातीत राहूनही वाचली आणि बाहेर आल्यावर ती कोणी घासून टाकली नाहीत. देणगी देणाऱ्याची याहून अधिक काय इच्छा असते?

वसईच्या घंटा

घंटेचे उदाहरण तर आपल्या फार परिचयाचे आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली. तेथील चर्चमधील मोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी देशावर आणल्या व देवळांत बांधल्या. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्याशेजारील घाटावर अशी एक घंटा आहे, तिच्यावर १७०७ हे साल आहे. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरात दुसरी आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. ‘नारोशंकराची घंटा’ हा वाक्प्रचार त्या घंटेवरूनच मराठीत रूढ झाला. भीमाशंकरलाही अशी घंटा असून तिच्यावर येशू व मेरी यांची आकृती आहे.

या घंटा वसईच्या लढाईपूर्वी ओतलेल्या आहेत व त्या परदेशी घडणीच्या आहेत, हे आज कोणीही शहाणा माणूस तेथे जाऊन स्वतः ताडून पाहू शकतो, कारण आकडे, अक्षरे व आकृती घंटेच्या अंगावर आहेत. आपल्या पूर्वजांनी परधर्माच्या खुणा म्हणून त्या कानशीने घासून टाकल्या नाहीत. तशा टाकल्या असत्या, तर चिमाजी अप्पांच्या पराक्रमाचा हा बोलता पुरावा मुका झाला असता. ती अक्षरे ओतीव व उठावाची असल्याने ऊनपाऊस सोसून टिकली. आपल्या खेड्यांतील भांड्यांवर कासार जी नावे घालतो ती मात्र केवळ टिंबांची, नखाएवढीही खोल नसतात. त्यांना जपावे लागते.

शहाण्यांच्याही चुका

जुने धातू चकचकीत करण्याची ओढ फक्त खेडुतांना असते असे मुळीच नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासाठी फिंक व एल्ड्रिज या दोघा शास्त्रज्ञांनी १९२५ साली विजेच्या साहाय्याने जुन्या कांस्यवस्तूंवरील गंज उतरविण्याची रीत प्रसिद्ध केली. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वस्तू ठेवून वीज सोडावयाची, अशी ती रीत होती. पुढे ती पुष्कळ ठिकाणी वापरली गेली. आपल्या देशात मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० साली रसायनशाळा सुरू झाली व तेथेही रोग लागलेल्या मूर्तींवर विजेचा उपचार होऊ लागला. काही मूर्ती त्यामुळे नाशापासून वाचल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु सरसकट सर्व थर उतरविल्याने मूळ पृष्ठभाग, कापडाचे ठसे व बारीक रेघा कायमच्या जातात, हे अनुभवाने कळून आले. म्हणून आज तज्ज्ञ मंडळी भिंगातून पाहत, लहान हत्याराने, लागेल तेवढाच थर काढतात, आणि मुख्य भर वस्तू कोरडी राखण्यावर देतात.

मग देवाची भांडी घासावयाचीच नाहीत काय?

असा प्रश्न कोणी विचारील तर त्याचे उत्तर सरळ आहे. रोजच्या पूजेतील समया, निरांजने, तांब्या, पळी व ताम्हन अवश्य घासावे. भांडे स्वच्छ ठेवणे हा आपल्या घरचा संस्कार आहे. शिवाय हिरवा जंगाल चढलेल्या भांड्यात अन्न शिजविणे किंवा तीर्थ ठेवणे आरोग्यास घातक आहे. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, म्हणून तर कल्हईची चाल पडली. नित्य अभिषेकाने व भक्तांच्या स्पर्शाने देवाचा मुखवटा झिजतो, पायांचा धातू उजळतो. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेची झीज आहे व तिला कोणी दोष देऊ नये. तीदेखील देवळाचा इतिहासच होय.

मात्र जी वस्तू मातीतून, भिंतीतून, विहिरीतून किंवा बंद पेटाऱ्यातून निघाली, तिचा वापर तुटलेला आहे. ती आता भांडे राहिली नसून कागदपत्रासारखी झाली आहे. फेरफाराच्या जुन्या पानावर शाई पुसट झाली म्हणून कोणी ते पान धुण्यास टाकत नाही. तोच न्याय येथे लावावा.

काय करावे व काय टाळावे

अशी वस्तू निघाली तर प्रथम ती जेथे आहे तेथेच, हात लावण्यापूर्वी, तिचा फोटो घ्यावा. किती खोलीवर, कोणत्या दिशेला, कशाशेजारी निघाली हे लिहून ठेवावे. वर काढल्यावर सैल माती मऊ ब्रशने हलकेच झाडावी, खरवडू नये. चिंच, लिंबू, आमसूल, मीठ, राख, रांगोळी, विटकरीची भुकटी, बाजारातील पावडर यांपैकी काहीही लावू नये. तेल किंवा शेंदूरही फासू नये. कोरड्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. ओली असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, आत दमटपणा कोंडतो. फिकट हिरवी भुकटी गळत असेल तर ती वस्तू इतरांपासून वेगळी ठेवून जाणकारांना दाखवावी. अशा कामासाठी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, तसेच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे केंद्र आहे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडल्यास ती कोठे, केव्हा व काय सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. कळविणाऱ्याचा त्या वस्तूवरील हक्क कायद्याने मानला आहे. सरकारने वस्तू स्वतःकडे घेतल्यास धातूची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. लपविणाऱ्याचा हक्क मात्र जातो व एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुढे १९७२ साली पुरावशेषांचा कायदा झाला. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि असे पुरावशेष परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. मोडीत घालण्याचा मोह होणाऱ्यांनी व ‘जुने द्या, नवे घ्या’ म्हणत दारी येणाऱ्या फेरीवाल्यांवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या गावाने हेच केले. घंटा व ताम्हन जसे निघाले तसे कोरड्या कापडात बांधून ठेवले, जागेचे माप घेतले, तहसील कार्यालयात लेखी कळविले व पंचनामा झाला. घासलेली समईही त्यांच्याबरोबर पंचनाम्यात दाखल झाली. घंटेच्या कडेला पुटाखाली काही रेघा दिसतात. ती अक्षरे आहेत की नुसती नक्षी, हे भिंगाखाली तज्ज्ञच सांगतील. कदाचित तेथे एखादे नाव निघेल. समईचे नाव आता निघणार नाही.

ज्या दात्याने ती समई वाहिली, तो कोण होता हे गावास यापुढे कधीच कळणार नाही. म्हणून मंदिर समितीने देणगीदारांच्या नव्या पाटीवर पहिली ओळ त्या अनाम दात्यासाठी ठेवली आहे. पाटी वाचताना आपापले नाव शोधण्यापूर्वी सर्वांनी त्या पहिल्या ओळीस हात जोडावेत, एवढीच विनंती.